वाचकांचे प्रश्न : डोंगराने वाढवलेली, डोंगर राखणारी अँड्रिया

मागील अंकात डोंगरकापणीवरील एका पत्राला उत्तर देताना मी अँड्रिया मीड लॉरेन्स या अमेरिकन स्कीपटूचा ओझरता उल्लेख केला होता. एका वाक्याच्या त्या उल्लेखावर इतकी पत्रे येतील असे वाटले नव्हते. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्यांच्याच आठवणीला देत आहे. पत्रे जागेअभावी थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आमच्या महिला मंडळात दर वर्षी एका कर्तबगार स्त्रीच्या आयुष्यावर कुणीतरी बोलायचे अशी प्रथा आहे. या वर्षी माझी पाळी आहे आणि आपले सदर वाचून मी अँड्रिया यांचे नाव सुचवले. त्यावर दोघी-तिघींनी लगेच विचारले, की आपल्याकडे बर्फ फक्त मासळीच्या पेटीत दिसतो, मग बर्फावरून घसरणाऱ्या बाईची आठवण आपण का काढायची? मला पटेल असे उत्तर देता आले नाही. त्या कोण होत्या आणि हा खेळ मुळात काय असतो, हे ज्यांनी बर्फ पाहिलेला नाही त्यांना समजेल अशा रीतीने सांगावे. (एक शिक्षिका, डिचोली)

उत्तर : ताई, आपल्या मैत्रिणींचा प्रश्न रास्त आहे आणि भाषणाची सुरुवात त्याच प्रश्नाने करावी, असे मी सुचवेन. खेळ समजावून सांगण्यासाठी मात्र बर्फापासून सुरुवात करू नये. सभेला येताना कुळागरातून पोफळीची एक विरी, म्हणजे झावळीचे सुकलेले आवरण, घेऊन यावी. आपल्या वयाच्या बहुतेक बायकांनी लहानपणी गळून पडलेल्या विरीवर बसून डोंगराचा उतार घसरत गाठलेला असतो, आणि त्यात गुडघेही फोडून घेतलेले असतात. विरीवर बसल्यावर ती कुठे जाईल हे तिच्याच मर्जीवर असते. स्कीवर, म्हणजे पायाला बांधलेल्या लांब पट्टीवर, उभे राहिल्यावर ती कुठे जाईल हे आपण ठरवायचे असते. सगळी विद्या या एका फरकात आहे.

मी स्वतः एकदाच, मनालीजवळच्या सोलंग खोऱ्यात, भाड्याच्या स्की पायांत बांधल्या होत्या. बूट इतके ताठ होते की घोटा प्लॅस्टरमध्ये घातल्यासारखा वाटत होता. उतार समोर दिसला की शरीर भीतीने आपोआप मागे, डोंगराकडे झुकते, आणि नेमके तेव्हाच स्की पायांखालून पुढे पळतात. शिकवणारा तरुण खालून सारखा ओरडत होता, "आगे, आगे!" म्हणजे ज्या दिशेची भीती वाटते त्याच दिशेला छाती न्यायची आणि वळताना सगळा भार बाहेरच्या पायावर टाकायचा, की स्कीची कड बर्फात रुतते आणि माणूस वळतो. मला तासाभरात एकही वळण धड जमले नाही. पण अँड्रिया यांच्याविषयी पुढे वाचताना त्या तासाचा फार उपयोग झाला.

त्यांचा जन्म 19 एप्रिल 1932 रोजी अमेरिकेच्या ईशान्येकडील व्हर्माँट राज्यात, रटलंड परिसरात झाला. आईवडिलांनी, म्हणजे जॅनेट आणि ब्रॅडफर्ड मीड यांनी, 1937 मध्ये जवळच्या पिको नावाच्या डोंगरावर स्कीइंगचे केंद्र सुरू केले. 1940 मध्ये त्यांनी तिथे टी-बार बसवला. जमिनीवर खांब उभे करून फिरती तार सोडायची आणि तिला उलट्या टी अक्षरासारखे दांडे लटकवायचे. एका दांड्याला दोघांनी पाठचा भाग टेकवून उभे राहिले, की तो दांडा त्यांना बर्फावरून वर ढकलत नेतो. अमेरिकेतला अशा प्रकारचा तो पहिलाच टी-बार. स्वित्झर्लंडमधल्या दावोसहून कार्ल अकर नावाचे प्रशिक्षक पिकोला आले आणि मीडांची मुलगी त्यांच्या मागे मागे घसरत, त्यांची नक्कल करत शिकली. आपल्याकडे नाखव्याचे पोर होडीत शिकते, तसे ते शिक्षण होते.

पंधराव्या वर्षी ती 1948 च्या सेंट मॉरिट्झ ऑलिम्पिकमध्ये उतरली आणि स्लालममध्ये, म्हणजे खांबांमधून वळणे घेत उतरण्याच्या शर्यतीत, आठवी आली. त्यानंतरच्या, ऑस्लोच्या 1952 च्या ऑलिम्पिकमध्ये एकोणीस वर्षांच्या अँड्रिया अमेरिकेच्या महिला संघाच्या कर्णधार होत्या. तोवर त्यांचे लग्न झाले होते आणि टाइम साप्ताहिकाने जानेवारीच्या एका अंकाच्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र छापले होते. महिलांची जायंट स्लालम, म्हणजे अधिक दूरदूर रोवलेल्या खांबांची स्लालम, ही शर्यत त्या वर्षी ऑलिम्पिकमध्ये प्रथमच होत होती. ती 14 फेब्रुवारीला, म्हणजे उद्घाटन सोहळ्याच्या आदल्याच दिवशी, नोरेफिएल येथे झाली आणि अँड्रिया यांनी ती 2.2 सेकंदांच्या फरकाने जिंकली. पुढच्या डाउनहिल, म्हणजे निव्वळ वेगाने उतार उतरण्याच्या, शर्यतीत त्या पडल्या आणि सतराव्या आल्या.

आपल्या भाषणात ज्या प्रसंगावर थांबावे असे मला वाटते, तो त्यानंतरचा आहे. स्लालममध्ये उतारावर खांबांच्या जोड्या, म्हणजे फाटके, रोवलेली असतात. प्रत्येक फाटकातून दोन्ही पाय गेलेच पाहिजेत. एकही चुकले तर शर्यत बाद. दोन फेऱ्या होतात आणि दोन्हींच्या वेळांची बेरीज धरतात. त्या काळी बूट चामड्याचे, स्की बहुतेक लाकडाच्या आणि खांब ताठ असत. धक्का लागताच वाकून पुन्हा उभे राहणारे आजचे खांब तेव्हा नव्हते. 20 फेब्रुवारीच्या पहिल्या फेरीत त्यांची स्की एका फाटकाला अडकली, तोल गेला आणि त्या फाटकाच्या खाली घसरल्या. पायांत लांब पट्ट्या बांधलेल्या असताना उतार चढायचा, तर पट्ट्या उताराला आडव्या ठेवून खेकड्यासारखे एकेक पाऊल वर टाकावे लागते. घड्याळ चालू असताना त्या तशा वर चढल्या, फाटकात शिरल्या आणि मग पुन्हा खाली सुटल्या. इतके होऊनही पहिल्या फेरीत त्यांचा क्रमांक चौथा होता. दुसऱ्या फेरीत त्यांनी सर्वांत कमी वेळ नोंदवला आणि जर्मनीच्या ओसी राइशर्टना एकूण 0.8 सेकंदाने मागे टाकले. एकाच ऑलिम्पिकमध्ये अल्पाइन, म्हणजे डोंगरउतारावरच्या, स्कीइंगची दोन सुवर्णपदके मिळवणाऱ्या त्या पहिल्या अमेरिकन ठरल्या.

हे सगळे सांगून झाल्यावर आपल्या मैत्रिणी म्हणतील, की ठीक आहे, पण अजूनही हे आपले नाही. ते आपले कसे होते, याचे उत्तर मी खाली तिसऱ्या पत्रात दिले आहे. आपण ते भाषणात खुशाल घ्यावे.

प्रश्न : माझी मुलगी पोहण्याच्या राज्यस्तरीय स्पर्धांत भाग घेते. ती आता वीस वर्षांची आहे आणि घरात स्थळांची बोलणी सुरू आहेत. लग्नानंतर हे सगळे सुटणार, असे सारेच गृहीत धरून चालले आहेत. माझेही असेच काही सुटले होते. आपण उल्लेख केलेल्या बाईंचे संसाराचे काय झाले, हे कळेल का? (एक आई, मडगाव)

उत्तर : वहिनी, आपले पत्र मी दोनदा वाचले. शेवटचे अर्धे वाक्य लिहिताना आपला हात थांबला असावा, असे वाटले.

अँड्रिया यांचे लग्न मार्च 1951 मध्ये डेव्हिड लॉरेन्स या सहकारी स्कीपटूशी झाले, म्हणजे त्यांची दोन्ही सुवर्णपदके लग्नानंतरची आहेत. पुढच्या चार वर्षांत तीन मुले झाली. धाकटे मूल अवघे काही महिन्यांचे असताना त्यांनी 1956 च्या कोर्तिना ऑलिम्पिकमध्ये भाग घेतला आणि जायंट स्लालममध्ये त्या संयुक्त चौथ्या आल्या. कांस्यपदक 0.1 सेकंदाने हुकले. पदकांच्या याद्यांमध्ये या शर्यतीपुढे त्यांचे नाव नाही. माझ्या मते मात्र ऑस्लोच्या दोन पदकांइतकीच ही चौथी जागा मोठी आहे. बाळंतपणानंतर पोटाचे आणि कमरेचे स्नायू पूर्वपदावर यायला किती काळ लागतो, हे आपल्याला मी सांगायला नको, आणि या खेळात प्रत्येक वळण तिथूनच निघते. पुढे 1960 मध्ये कॅलिफोर्नियातील स्क्वॉ व्हॅली येथे ऑलिम्पिक भरले, तेव्हा मशाल हाती घेऊन डोंगर उतरून मैदानापर्यंत आणण्याचा मान त्यांना मिळाला. त्यांना एकूण पाच मुले झाली. 1967 मध्ये घटस्फोट झाला आणि पुढल्या वर्षी पाचही मुलांना घेऊन त्या कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतातील मॅमथ लेक्स या गावी राहायला गेल्या.

आपल्याला सांगावेसे वाटते ते मात्र अँड्रिया यांच्या आईविषयी अधिक आहे. ब्रॅडफर्ड मीड 1942 मध्ये अपघातात गेले, तेव्हा मुलगी दहा वर्षांची होती आणि जग युद्धात होते. जॅनेट मीड यांनी पिको बंद केले नाही. 1954 पर्यंत त्यांनी ते चालवले आणि मग कार्ल अकर आणि त्यांच्या पत्नीला विकले. डोंगरावरचे असे केंद्र चालवणे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी. पहिल्या गिऱ्हाइकाच्या आधी तार आणि दांडे तपासायचे, रात्रीत पडलेला बर्फ पाहून कोणती वाट उघडायची आणि कोणती बंद ठेवायची ते ठरवायचे, पाय मोडलेल्याला खाली आणायची व्यवस्था ठेवायची, आणि ज्या हिवाळ्यात बर्फच नीट पडला नाही त्या हिवाळ्यातही माणसांचे पगार द्यायचे. ते काम एक विधवा बाई बारा वर्षे करत होती, आणि तिची मुलगी रोज ते पाहत मोठी होत होती.

मुलीसाठी आपण काय करावे, हे मी आपल्याला सांगणे धाडसाचे होईल. पण स्थळाकडची माणसे घरी येतील तेव्हा, मुलगी पहाटे पाच वाजता तलावावर जाते आणि पुढेही जाणार आहे, हे वाक्य तिने बोलण्याआधी आपण बोलावे. तिने बोलले तर ते हट्ट ठरते, आईने बोलले तर ती घराची रीत ठरते.

प्रश्न : मी सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला अभियंता आहे. आपण लिहिले होते, की या बाईंच्या पुढाकाराने झालेल्या एका खटल्यामुळे डोंगरावरील बांधकामाचा कायदाच बदलला. खटला नेमका काय होता आणि आपल्याकडील तरतुदींशी त्याची तुलना होऊ शकते का? (फोंडा)

उत्तर : होऊ शकते, आणि याच कारणासाठी मी त्यांचे नाव मागच्या अंकात काढले होते.

मॅमथ लेक्स हे सुमारे 2,400 मीटर उंचीवरचे गाव. स्कीइंगमुळे तिथे पर्यटक वाढू लागले, तशा तिथल्या जागेवर बांधकाम व्यावसायिकांच्या नजरा वळल्या. एका कंपनीला बहुमजली सदनिकांचा प्रकल्प उभारायला मोनो काउंटीच्या निर्वाचित मंडळाने परवानगी दिली. हे मंडळ साधारण आपल्या जिल्हा पंचायतीसारखे, पण अधिकार पुष्कळ जास्त. एवढ्या वस्तीला पाणी कुठून येणार आणि सांडपाणी कुठे जाणार, याचा हिशेब कुणी मांडला नव्हता. अँड्रिया यांनी काही रहिवाशांना जमवून 'फ्रेंड्स ऑफ मॅमथ' ही संघटना उभी करण्यात पुढाकार घेतला आणि संघटना न्यायालयात गेली.

कॅलिफोर्नियाने 1970 मध्ये पर्यावरण गुणवत्ता कायदा केला होता. प्रकल्पाआधी त्याच्या परिणामांचा अहवाल तयार केला पाहिजे, असे तो सांगत होता. वाद असा, की हा कायदा फक्त सरकारने स्वतः बांधायच्या रस्त्यांना आणि धरणांना लागू आहे, की सरकारच्या परवानगीने होणाऱ्या खासगी बांधकामालाही? कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 1972 मध्ये निकाल दिला, की परवानगी देणे हीदेखील सरकारची कृती आहे आणि म्हणून खासगी प्रकल्पालाही अहवाल लागेल. डोंगरातल्या एका छोट्या गावातून निघालेला हा मुद्दा संपूर्ण राज्याला लागू झाला. बांधकाम क्षेत्रात मोठी खळबळ उडाली आणि त्याच वर्षी विधिमंडळाला कायद्यात दुरुस्ती करून हे तत्त्व लिखित स्वरूपात स्वीकारावे लागले. आज कॅलिफोर्नियात कोणी मोठा प्रकल्प मांडतो तेव्हा त्याला जो अहवाल करावा लागतो, त्याचे मूळ या निकालात आहे.

आपल्याकडे भारतात पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाची अधिसूचना 1994 मध्ये आली आणि 2006 मध्ये तिची जागा नव्या अधिसूचनेने घेतली. 2006 च्या अधिसूचनेत इमारतींसाठी 20,000 चौरस मीटर बांधकामाची मर्यादा आहे. त्याखालच्या प्रकल्पाला ही मंजुरी घ्यावी लागत नाही. आपल्या गावांतले बहुतेक डोंगर या मर्यादेच्या खाली राहणाऱ्या बांधकामांसाठी कापले जातात, हे आपण माझ्यापेक्षा अधिक पाहिले असेल. गोव्यात नगर आणि ग्राम नियोजन कायद्याचे कलम 17अ डोंगर कापण्यावर आणि सखल जमीन भरण्यावर परवानगीची अट घालते. कलम चांगले आहे. कागदावरच्या उताराचा आकडा आणि जागेवरचा उतार एकच आहे का, हे परवानगीआधी कोण जाऊन पाहतो, यावर त्याचे यश अवलंबून असते. लोकांनी मनावर घेतले की काय होते याचे उदाहरणही आपल्याकडे आहे. 'गोवा बचाव अभियाना'च्या रेट्यामुळे प्रादेशिक आराखडा 2011 सरकारला जानेवारी 2007 मध्ये मागे घ्यावा लागला होता.

थोडे स्वतःचे सांगतो. सत्तरीतल्या आमच्या घरामागचा डोंगर काही वर्षांपूर्वी एका रहिवासी प्रकल्पासाठी पोखरला गेला. जांभ्या दगडाचे आपले डोंगर पावसाचे पाणी पोटात घेतात आणि खालच्या झऱ्यांना वर्षभर पुरवतात; डोंगर उघडा पडला की तेच पाणी माती घेऊन धावते. त्या श्रावणात आमच्या विहिरीला तांबडे पाणी आले. आई कळशीच्या तोंडाला पांढरे फडके बांधून पाणी गाळायची, आणि दोन कळशा भरेपर्यंत फडक्यावर चिखलाची साय धरायची. ते फडके तिने आठवडाभर कुणाला धुऊ दिले नाही. ग्रामसभेला जाताना पिशवीत घालून नेले आणि टेबलावर पसरून ठेवले. सभेत त्यानंतर जी चर्चा झाली, ती त्या गावात आधी कधी झाली नव्हती. डोंगर मात्र तोवर निम्मा गेला होता.

अँड्रिया यांच्या बाबतीत मला महत्त्वाचे वाटते ते हे, की त्या बांधकाम होण्याआधीच उभ्या राहिल्या, आणि खटला जिंकून घरी बसल्या नाहीत. 1982 मध्ये ज्या मंडळाच्या परवानगीविरुद्ध लढल्या होत्या त्याच मंडळावर त्या निवडून आल्या आणि पुढे सोळा वर्षे तिथे राहिल्या. बैठका, अंदाजपत्रके, नकाशे, हरकती, सुनावण्या या रुक्ष कामात घालवलेली सोळा वर्षे मला त्यांच्या कारकिर्दीचा सर्वांत मोठा भाग वाटतात, कारण तिथे टाळ्या वाजवायला कोणी नसते.

प्रश्न : माझे समुद्राजवळ आठ खोल्यांचे अतिथिगृह आहे. आपले लिखाण आवडते, पण एक शंका आहे. या बाईंच्या आईवडिलांनी डोंगरावर पर्यटक आणून पैसे मिळवले, त्यांनी स्वतः त्या धंद्यातून नाव मिळवले, आणि नंतर दुसऱ्यांनी बांधायला घेतले की विरोध केला. आम्हालाही असेच ऐकवले जाते, की तुमचे झाले ते पुरे, आता नवीन नको. यात न्याय कुठे आहे? (पेडणे)

उत्तर : या सदराकडे आलेल्या पत्रांत आपले पत्र सर्वांत कठीण आहे, आणि शंका खरी आहे. स्कीइंग हा डोंगराला न दुखावणारा खेळ नाही. वाटा काढण्यासाठी झाडे तोडावी लागतात, खांब रोवावे लागतात, रस्ता न्यावा लागतो. मीड कुटुंबाने पिकोवर हे सारे केले होते. अँड्रिया यांना हे कळत नव्हते असे म्हणणे म्हणजे त्यांच्या बुद्धीचा अपमान होईल.

त्यांचा आक्षेप पर्यटकांना किंवा धंद्याला नव्हता. मॅमथ हे स्कीवर जगणारे गाव आहे, आणि त्या तिथे राहिल्या त्या त्याच्याच ओढीने. त्यांचे म्हणणे इतकेच होते, की पाणी किती आहे ते आधी मोजा आणि मग खोल्या किती ते ठरवा. हा नियम जुन्याला आणि नव्याला सारखाच लावला तर त्यात अन्याय नाही. जुन्याला सोडून फक्त नव्याला लावला तर आहे, आणि तेवढ्यापुरते मी आपल्या बाजूने आहे. आपल्या आठ खोल्यांची विहीर एप्रिलअखेर कुठवर उतरते, हे आपण दर वर्षी लिहून ठेवत असाल तर शेजारच्या ऐंशी खोल्यांच्या प्रकल्पाला प्रश्न विचारण्याचा आपला अधिकार कोणीही नाकारू शकणार नाही.

त्यांच्या काउंटीतच याचे एक मोठे उदाहरण घडले. मोनो सरोवराला मिळणारे ओढे लॉस एंजेलिस शहराने 1941 पासून आपल्याकडे वळवले. 1982 पर्यंत सरोवराची पातळी सुमारे 45 फूट खाली गेली, खारेपणा दुप्पट झाला, आणि ज्या बेटावर कुरव पक्षी अंडी घालत तिथवर जमीन उघडी पडून कोल्ह्याच्या जातीची जनावरे पायी पोहोचू लागली. शहराला पाणी हवेच होते, तीही माणसेच होती. 1983 मध्ये न्यायालयाने सांगितले, की अशा जलाशयाचा सरकार हा लोकांच्या वतीने विश्वस्त असतो, आणि 1994 मध्ये राज्याच्या जलमंडळाने सरोवराची पातळी समुद्रसपाटीपासून 6,392 फुटांपर्यंत वाढू द्यावी असा आदेश दिला. शहराने पाणी वाचवण्याची वाट धरली. हा लढा अनेकांनी मिळून लढला. काउंटी मंडळाच्या सदस्य म्हणून अँड्रिया सरोवराच्या बाजूने उभ्या राहिल्या. सरोवर वाचवा म्हणताना शहर तहानलेले राहू द्या असे कोणी म्हणाले नाही, हे मला त्या लढ्याचे शहाणपण वाटते.

प्रश्न : अँड्रिया यांचे स्मारक कुठे आहे का? आणि आपल्या देशातील कोणी मुली या खेळात आहेत का? मला शिकायची इच्छा आहे. (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, म्हापसा)

उत्तर : अँड्रिया मार्च 2009 च्या अखेरीस, शहात्तराव्या वर्षी, कर्करोगाने मॅमथ लेक्सलाच वारल्या. सिएरा नेवाडातील 12,240 फूट, म्हणजे सुमारे 3,730 मीटर उंचीच्या एका शिखराला तोवर नाव नव्हते, नकाशावर नुसता उंचीचा आकडा होता. अमेरिकेच्या संसदेने कायदा करून 2013 मध्ये त्याला 'माउंट अँड्रिया लॉरेन्स' हे नाव दिले. ते शिखर संरक्षित अरण्यात आहे. तिथे तारेवरची लिफ्ट नाही आणि बांधताही येणार नाही.

आपल्या देशातून शैलजा कुमार या 1988 मध्ये कॅलगरीला गेल्या. हिवाळी ऑलिम्पिकमध्ये उतरलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला; स्लालममध्ये त्या अठ्ठाविसाव्या आल्या. ज्या शर्यतीत अर्ध्याअधिक नावे पडून किंवा फाटक चुकून बाद होतात, तिथे दोन्ही फेऱ्या पूर्ण करणे हेच मोठे असते. नेहा आहुजा यांनी 2006 च्या तुरीन ऑलिम्पिकमध्ये भाग घेतला. मनालीजवळच्या बुरुआ गावच्या आंचल ठाकूर यांनी जानेवारी 2018 मध्ये तुर्कस्तानात एरझुरूम येथील आंतरराष्ट्रीय स्पर्धेत स्लालमचे कांस्यपदक मिळवले.

शिकण्यासाठी गुलमर्ग येथे पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीतील स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था आहे, मनालीला पर्वतारोहण संस्था आहे आणि उत्तराखंडात औली आहे. तिन्ही ठिकाणी हिवाळ्यात नवशिक्यांसाठी अभ्यासक्रम चालतात, आणि बूट व स्की तिथेच मिळतात, त्यामुळे इथून काही विकत घेऊन जाऊ नये. गुलमर्ग 2,600 मीटरच्या वर आहे. किनाऱ्यावर वाढलेल्या शरीराला पहिले दोन दिवस धाप लागते, तेव्हा एक-दोन दिवस आधी पोहोचावे. आणि जाण्यापूर्वी दोन महिने रोज एखादी टेकडी उतरण्याचा सराव ठेवावा. चढण्याने दम वाढतो, पण स्कीवर मांड्यांचा खरा कस लागतो तो उतरताना, शरीराचा भार पायरीपायरीने पेलून धरताना.